मायनं खाल्लेली बासुंदी

शालिकरावांना कोणी "जरा कमी खा" म्हटलं, की ते शांतपणे सांगत, "मले काहून सांगता गा? खाल्लं ते माह्या मायनं!"

नागपूरच्या आमच्या कचेरीत ते टपाल सांभाळत. त्यांना मुद्दाम बिनहाताची खुर्ची दिली होती. हाताची असली की ते उठताना तीही सोबत उठे. आपल्या देहाचा खुलासा त्यांच्याकडे तयार असायचा. "हे गाल पाचव्या महिन्यातल्या जिलेबीचे. ही मान पुरणपोळीची. अन् हे," पोटावर थाप मारून, "सातव्या महिन्यातली बासुंदी. पातेलं पुसून खाल्लं तिनं. डोहाळेच तसे, ते तरी काय करन?"

डब्यात मात्र दोन भाकरी आणि वांग्याची भाजी. बाकीचं घरून उरकून येत असतील, असं आम्ही धरून चाललो होतो.

त्या वर्षी माझ्या बायकोला, नलूला, दिवस गेले. माझ्या आईनं तिला लाडू-शिऱ्यावर धरली. शालिकराव एकदा घरी आले, तर नलू तिसऱ्या लाडवाशी झुंजत होती.

"वहिनी, दोन जिवांचं खा म्हनतात, पन दुसरा जीव सध्या लिंबाएवढा हाये. त्याले एवढं तूप कशाले? माह्यासारखा निघाला तं पाळना मोडन."

आई फणकारली, "मग काय उपाशी ठेवू तिला?"

शालिकरावांचं हसू गेलं. "उपाशी बिलकुल नोका ठेवू, काकू. वरण-भात, भाजी-भाकर, वेळेवर द्या. पन उपाशी नोका ठेवू." आणि आलेला चहा तसाच ठेवून उठले.

हिवाळ्यात त्यांची आई कुहीकडच्या खेड्यावरून मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आली. आम्ही दोघं भेटायला गेलो. शालिकरावांची बायको माहेरी होती, तेच रांधत होते. खाटेवर एक काटकुळी म्हातारी, डोळ्याला पट्टी. एवढ्या मोठ्या माणसाची ही आई, हे पटायला वेळ लागला.

नलूनं थट्टेत विचारलं, "माय, यांच्या वेळी तुम्ही पातेलंभर बासुंदी खाल्ली म्हणे?"

"बासुंदी? कोनाची वं?" म्हातारी गोंधळली. "त्या सालात धान जळून गेलं होतं, पोरी. कण्याची पेज, नाही तं मोहफुलं शिजवून. घरच्या मानसाइले वाढून उरलं तं मले. हा झाला तं उंदराच्या पिल्लाएवढा. सुईन म्हने, उपाशी पोटातलं लेकरू हाये, याचं आंग आता खाल्लेलं सोडनार नाही. अन् तसंच झालं पाय. गावात सारे याले खादाड म्हनत. मले मालूम होतं, हा काही जास्त खात नाही."

नलूनं मान खाली घातली. शालिकराव केव्हाच ओसरीवर जाऊन उभे राहिले होते. मी मागोमाग गेलो.

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"लहानपनापासून."

"मग ती जिलेबी, पुरणपोळी?"

ते रस्त्याकडे पाहत राहिले. "नऊ महिने तिले कोनी विचारलं नाही गा, काय खावंसं वाटते म्हनून. आता मांगं जाऊन तं काही देता येत नाही. सांगतानी तरी पोटभर वाढतो."

आम्ही आत आलो. त्यांनी गरम वरण-भात कालवून ताट आईच्या मांडीवर ठेवलं. म्हातारीनं हातानं चाचपून भाताची मधोमध वाटणी केली आणि अर्धा एका बाजूला सारला.

"तू जेवला का रे?"

चुलीवरच्या पातेल्यात भात उरलेला नव्हता.

"जेवलो वं माय," शालिकराव म्हणाले, आणि बाजूला सारलेला भात बोटांनी हळूच पुन्हा तिच्याकडे सरकवला.