चार नंबरची खाट

"माझ्या मुली एवढ्या तरबेज आहेत, की पेशंटला तोंड उघडू देत नाहीत!" असं सिंधूबाई ज्याला त्याला ऐकवायच्या. शिरूरच्या आमच्या नर्सिंग शाळेच्या त्या प्राचार्या. साल नव्याण्णव. मोबाईल तेव्हा एखाद्या चेअरमनच्याच खिशात दिसायचा!

त्या जानेवारीत नर्सिंग कौन्सिलच्या तपासनीस बाई येणार होत्या. मान्यता मिळाली तर शाळा चालणार, नाहीतर चाळीस मुली घरी! आणि घरी आलेल्या पोरीला चैत्रात बोहल्यावर चढवायला आईबाप टपलेलेच.

अडचण एकच. तपासणीला सगळ्या खाटा भरलेल्या हव्यात, आणि वॉर्डात खाटा चार, पेशंट तीन!

"काळजी नको," सिंधूबाई मुलींना म्हणाल्या. "न्हावऱ्याच्या वच्छलाबाईंना पढवून ठेवलंय. दहाच्या एसटीनं येतील, चार नंबरवर निजवा. आयत्या वेळी लाजून 'मी आजारी न्हाई' म्हणतील. ऐकायचं नाही! गोड बोलून सगळं उरका."

एसटी थांबायची मागच्या फाटकाशी. सिंधूबाई हार घेऊन पुढच्या फाटकात उभ्या. तपासनीस बाईंना आणायला दौंड स्टेशनला जीप धाडलेली. दहा वाजले, साडेदहा वाजले. जीपचा पत्ता नाही!

वॉर्डातून विद्यार्थिनी रुपाली धावत आली. "मॅडम, वच्छलाबाई आल्या! लई भांडत्यात. प्राचार्यांना बोलवा म्हणत्यात!"

"म्हणू दे! अंग पुसायला घे."

पाच मिनिटांत पुन्हा रुपाली. "पाणी गार हाय म्हणून किंचाळत्यात!"

"जानेवारीत पाणी गारच असतं! थर्मामीटर घाल तोंडात."

तिसऱ्या खेपेला रुपालीचा चेहरा खडूसारखा पांढरा. "मॅडम, थर्मामीटर घालायच्या आधी त्या इंग्रजीत बोलल्या!"

वच्छलाबाई? आणि इंग्रजी? तेवढ्यात जीप आली. आत एकटा ड्रायव्हर म्हाळू!

"अरे, बाई कुठायत?"

"न्हावऱ्यात जीप बंद पडली. बाई म्हणल्या, थांबत न्हाई, आन् एसटीत बसल्या. कवाच पोचल्या असतील की! आन् वच्छलाबाईंचा निरोप हाय. त्यांच्या उसाला तोड आलीया, आज काय जमायचं न्हाई."

सिंधूबाई अशा पळाल्या, की एक चप्पल फाटकातच राहिली!

चार नंबरच्या खाटेवर तपासनीस बाई कुडकुडत पडल्या होत्या. दोन्ही हात कोपरापर्यंत बँडेजमध्ये. तोंडात थर्मामीटर. केसांच्या दोन घट्ट वेण्या, वर लाल रिबिनी! डोळे मात्र निखाऱ्यासारखे. काय करावं सुचेना, म्हणून सिंधूबाईंनी हातातला हार तिथंच बाईंच्या गळ्यात घातला. खाटेवर आडव्या पडलेल्या माणसाला हार! शेजारच्या खाटेवरच्या म्हातारीनं हातच जोडले.

मग प्रांजल नावाच्या मुलीनं थर्मामीटर काढून उजेडात धरला. "ताप नाही, मॅडम."

चाळीस मुली दारात गोळा झालेल्या!

"फॉर्म काढा," तपासनीस बाई म्हणाल्या. "मला लिहिता येणार नाही. मी सांगते, ही रुपाली लिहील."

रुपालीनं पेन उघडलं.

"मुली कामात चोख. बँडेज उत्तम. मान्यता द्यावी."

दारात एकच गलका झाला! सिंधूबाईंनी पदरानं कपाळ पुसलं.

"थांबा. एक अट लिही. पुढच्या वर्षीच्या तपासणीला चार नंबरच्या खाटेवर प्राचार्यांनी स्वतः पडावं. महिना जानेवारीच."

तपासनीस बाईंची जीप दौंडच्या रस्त्याला लागली, आणि सिंधूबाई दुसरी चप्पलही न शोधता तांबटाच्या दुकानात गेल्या. वॉर्डासाठी पाणी तापवायचा बंब घ्यायला. सगळ्यात मोठा!