सिंकमधलं संशोधन

"घर असं चकचकीत करतो, की बायको दारातच म्हणेल, आता इथून हलायची नाही!" डॉक्टरांनी शेजारच्या काकूंना ठणकावून सांगितलं. हे डॉक्टर गोळ्या देणारे नव्हेत, गोळ्यांच्या आतलं बनवणारे. पोटाच्या आम्लात मुकाट मिटून राहतील आणि आतड्यात अल्कली लागताच फुगून औषध सोडतील, असे जेलचे मणी बनवण्यात त्यांची सहा वर्षं गेली. त्याच सहा वर्षांत बायकोची बदली झाली आणि संसार फोनवर आला. तोही दोन-दोन मिनिटांचा! आज ती पाच महिन्यांनी येणार होती. तिची उशी सकाळपासून तीनदा उन्हात जाऊन आली.

ओटा पुसताना कोपर लागलं आणि घरी वाळवायला आणलेल्या मण्यांची बरणी सिंकमध्ये आडवी झाली. "जातील वाहून," म्हणत डॉक्टरांनी नळ सोडला. मणी पाणी प्यायले. सिंक तुंबलं. डॉक्टरांनी वर धुण्याचा सोडा ओतला, सढळ हाताने! झालं! जाळीतून लिबलिबीत गोळा वर आला, जणू झोपमोड झालेला सासरा!

शेवटी बोलावलेला प्लंबर वाकून बघत राहिला. "सर, हे काय पाळलंय?"

तेवढ्यात बायकोचा फोन. "ऐक ना, साहेबांनी रजा नाकारली. म्हणे, नवरा काय पळून चाललाय?"

आग लागो त्या साहेबाच्या खुर्चीला! डॉक्टर भलतंच बोलून गेले, "सिंक तुंबलंय गं."

"काय ओतलंस?"

"मणी. आणि वर सोडा."

"सोडा? अरे, अल्कलीत फुगावेत म्हणूनच सहा वर्षं घालवलीस ना! व्हिनेगर ओत, शहाण्या!"

आणि ती हसत सुटली. खळखळून! असं हसू शेवटचं कधी ऐकलं, डॉक्टरांना आठवेना. फोन कानात रुतवून ते भिंतीला टेकले. दोन मिनिटं गेली. अकरा मिनिटं झाली. ती बोलतच होती.

इकडे प्लंबरने डॉक्टरांनी खुणेनं दाखवलेलं काचा पुसायचं व्हिनेगर ओतलं. मणी आक्रसले. गुडगुड करत पाणी उतरलं. "झालं सर! मोकळं!"

डॉक्टरांनी झटकन फोनवर हात दाबला. "हळू बोला हो!" मग फोनमध्ये, "छे गं, तसूभर हललं नाही. पुढे काय करू, सांग ना."

प्लंबरने पाना खाली ठेवला. त्यांच्या तोंडाकडे बघितलं.

"सर," तो कुजबुजला, "पुन्हा तुंबवून देऊ का?"

डॉक्टरांनी, देवाशप्पथ, मान डोलावली!