लिंबाजीअण्णा कार्ड पारखतात

परभणीतल्या एका कंप्युटरच्या दुकानात लिंबाजीअण्णांनी ग्राफिक्स कार्ड हातात घेतलं, उलटं केलं, पुन्हा सुलटं केलं आणि काउंटरमागच्या माणसाला विचारलं, "हिचे दात कुठं हाईत?"

मी कंप्युटरचा मास्तर. जिंतूरला कनिष्ठ महाविद्यालयात हाच विषय शिकवतो. अण्णांनी मला 'माहितगार माणूस' म्हणून सोबत नेलं होतं, आणि त्या क्षणी हा माहितगार माणूस भिंतीवर टांगलेले कीबोर्ड अत्यंत एकाग्रतेनं बघत उभा होता. या गृहस्थांशी आपला काही संबंध नाही असं दाखवायला माणूस काय काय करतो! पुढच्या दहा मिनिटांत मात्र माझी अब्रू त्या दातांनीच वाचवली. ते सांगतोच, पण आधी अण्णा कोण ते सांगायला हवं.

लिंबाजीअण्णा चारठाण्यात माझ्या शेजारी राहतात. धंदा शेळ्यामेंढ्यांच्या दलालीचा. वय सत्तरीला टेकलेलं, डोक्याला पटका, खांद्यावर चौकड्याची दस्ती, म्हणजे आमच्याकडचा मोठा रुमाल. जनावर पारखण्यात त्यांचा हात धरणारा आमच्या तालुक्यात नाही, हे त्यांचे दुश्मनही मान्य करतात. अडचण एवढीच, की पारखायची सवय बाजार उठला तरी उठत नाही. मी नवी स्कूटर आणली तेव्हा अण्णा तिच्याभोवती तीनदा फिरले, पाठीवर थाप मारावी तशी सीटवर थाप मारली आणि म्हणाले, "चांगली हाय. पन फुडच्या पायात दोष हाय." पंधरा दिवसांत पुढच्या चाकाचं बेअरिंग गेलं. आमच्या कॉलेजात नवे प्राचार्य आले, त्यांना एकदा लांबून पाहून म्हणाले, "मानूस गुनी हाय, पन पानी कमी पितोय." दिवाळीत प्राचार्यांचा मूतखडा निघाला. तेव्हापासून अण्णा माझ्याकडे बघायला लागले की मी घरात जातो.

जनावर बघताना ते आजूबाजूच्या सगळ्यांना गप्प करतात. "बोलू द्या की तिला!" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मग शेळीच्या बरगडीला कान लावून डोळे मिटतात. "लोकं म्हनत्यात मुकं जनावर. मुकं कशाचं? आपुन भैरे."

आणि हाच माणूस, ज्याच्याशी अख्ख्या बाजारातली जनावरं बोलतात, त्याच्याशी त्याची बायको आठ महिने बोलत नव्हती.

गयामावशी मेंढपाळाच्या घरातल्या. लग्न करून आल्या तेव्हापासून त्यांनी स्वतःच्या दहा-अकरा मेंढ्या राखल्या. अण्णांचा व्यापार वेगळा, मावशींच्या मेंढ्या वेगळ्या. जुन्या देवळांच्या मागं, ओढ्याच्या कडेनं, उन्हातान्हात त्या मेंढ्यांमागं चालत राहिल्या. मग गुडघे गेले. उपचारासाठी लेकीकडे नांदेडला तीन आठवडे राहिल्या. इकडे अण्णांनी विचार केला, हिला आता चालवत नाही, मेंढ्या बघून जीव तुटेल, त्यापेक्षा मोकळी करावी. सगळ्या विकल्या. मावशी जीपमधून उतरल्या तेव्हा हे दारातच उभे. चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता. म्हणाले, "भाव लय चांगला आला!"

मावशींनी रिकाम्या मेंढवाड्याकडे पाहिलं, गाठोडं खाली ठेवलं आणि बाजेवर जाऊन बसल्या. त्या दिवसापासून अण्णांना भाकरी वेळेवर मिळे, चहा वेळेवर मिळे, शब्द मिळत नसे. अगदीच अडलं तर मावशी कुंपणापलीकडे माझ्या बायकोला हाक मारत. "सुनंदा, त्यान्ला सांग, दळन आनायचं हाय." त्यान्ला म्हणजे दोन हातांवर बसलेल्या अण्णांना.

अण्णांनी बरेच उपाय केले. त्यातला एक मला फार आवडायचा. ते मुद्दाम चुकीचं बोलायचे. मंगळवारी सकाळी मोठ्यानं म्हणायचे, "आज बेस्तरवार न्हवं का?" मावशींना चूक खपत नाही हे त्यांना माहीत होतं. त्यांनी दुरुस्त करावं म्हणून वाट बघत बसायचे. मावशी चूल फुंकत राहायच्या. एकदा तर त्यांनी मावशींच्या माहेरच्या गावाचं नाव चुकीचं सांगितलं. तरी काही नाही.

आता मधे आमचं घर येतं. माझी बायको दुपारी लॅपटॉपवर गेम खेळते. मास्तराच्या घरातली गोष्ट बाहेर सांगू नये, पण सांगतो. तिचा आवडता गेम मेंढपाळीचा आहे. कुठल्या तरी परदेशातले डोंगर, हिरवं गवत, एक कुत्रं आणि मेंढ्यांचा कळप. एका दुपारी मावशी काठी टेकत आमच्याकडे आल्या आणि तो गेम बघत बसल्या. तासभर हूं नाही का चूं नाही. मग एकदम म्हणाल्या, "आगं, तान्हेली हाईत ती. पान्यावर ने त्यांला." सुनंदानं कळप वळवला. मावशी पुढं सरकून बसल्या. आणि तेवढ्यात आमच्या जुन्या लॅपटॉपनं मान टाकली. गवताचा हिरवा चिखल झाला, मेंढ्यांचे पांढरे चौकोन झाले, आणि पडदा थिजला. मावशी उठल्या आणि काठी टेकत घरी गेल्या.

संध्याकाळी अण्णा माझ्या ओट्यावर हजर.

"सर, ती मेंढरं कामून थांबली?"

मी सांगितलं, की लॅपटॉपला ग्राफिक्स कार्ड नाही. चित्र भराभर काढायला कंप्युटरात वेगळा भाग लागतो, तो असला की गेम नीट चालतो. त्यासाठी नवा गेमिंग कंप्युटरच करावा लागेल.

"करू," अण्णा म्हणाले. "पन कार्ड मी बघून घेनार."

परभणीच्या बसमध्ये मी त्यांना सगळं समजावलं. कार्डाची स्वतःची मेमरी असते, म्हटलं. "म्हंजी पोट," अण्णा म्हणाले. वीज किती खातं ते बघावं लागतं. "चारा." गरम होतं म्हणून पंखे असतात. "धाप." वीज पुरवणारा डबा दणकट लागतो. "खुट्टा! खुट्टा ढिला आसला तर जनावर खुट्टा घिऊन पळतंय." पिशवीतले शेंगदाणे संपायच्या आत माझं वर्षभराचं एक प्रकरण संपलं. माझ्या विद्यार्थ्यांना हे इतक्या लवकर कधी कळलेलं नाही, याचं मला मनापासून वाईट वाटलं.

तर पहिलं दुकान. तिथल्या माणसानं पडद्यावर लढाई लावली. धडाधड गोळ्या सुटायला लागल्या.

"मानसं कामून मारायलेत?" अण्णांनी विचारलं. "गवत दाखवा."

"गवत?"

"हाव. गवत. आमाला मेंढरं चारायची हाईत."

त्या माणसानं माझ्याकडे बघितलं. मी कीबोर्ड बघायला लागलो तो तेव्हापासून. गवत काही त्याला दाखवता आलं नाही, म्हणून त्यानं कार्डच हातात दिलं. अगदी नवं, कालच आलंय, आठ जीबी, डबाबंद. मी डबा बघून मान डोलावली होती, हे कबूल केलं पाहिजे. मग अण्णांनी तो दातांचा प्रश्न विचारला.

कार्डाच्या खालच्या कडेला सोनेरी पट्ट्यांची एक ओळ असते. तीच मशीनमध्ये खोचली जाते. मी नाइलाजानं ती दाखवली. अण्णांनी चष्मा लावला, दस्तीनं कडा पुसली आणि उजेडात धरून बघत राहिले.

"दातावर घासल्याच्या रेघा हाईत. ही आधी कुठंतरी बांधलेली व्हती." मग एका स्क्रूवर बोट ठेवलं. "हितं पाना लागलाय." मग नाकाला लावलं. "आन करपल्याचा वास हाय. रातंदिस पळवलंय हिला. बसूच दिलं न्हाई."

मी कार्ड हातात घेतलं. रेघा होत्या. स्क्रूचं डोकं झिजलेलं होतं. अशी कार्डं महिनोन्‌महिने डिजिटल नाणी काढायला जुंपतात आणि मग पुसून नवी म्हणून विकतात, हे मी वाचलेलं होतं. वाचलेलंच होतं. दुकानातल्या माणसानं कार्ड परत घेतलं आणि आत निघून गेला. मला वाटलं अण्णा आता त्याचा उद्धार करतील. ते पायऱ्या उतरता उतरता हळहळत होते ते वेगळ्याच कारणासाठी. "तिचा काय दोष हो सर? ती तर बिचारी राबली."

दुसरं दुकान इम्रानभाईंचं. हा भला माणूस. 'गवत दाखवा' म्हटल्यावर हसला नाही, विचारलं, "कौनसा गेम, अण्णा?" मी नाव सांगितलं, त्यानं तो उतरवून घेतला आणि एका मशीनवर लावला. स्टूल दिलं होतं तरी अण्णा पाऊण तास उभे होते.

"वारा डावीकून हाय. गवत बराबर वाकायलंय." थोड्या वेळानं कपाळाला आठी. "ही न्हाई चालनार. लांबचं गवत आपुन जवळ गेल्यावरच उगायलंय. मेंढराला लांबूनच दिसतंय गवत. घरी तिला हे लगीच कळंल."

इम्रानभाई माझ्याकडे बघत राहिला. स्वस्त कार्डाची नेमकी हीच खोड असते, आणि ती सांगायला लोक अर्ध्या अर्ध्या तासाचे व्हिडिओ करतात. त्यानं सगळ्यात मोठं, तीन पंख्यांचं कार्ड काढलं. अण्णांनी ते दोन्ही हातांत तोललं आणि परत दिलं. "ही पैलवान हाय. आमच्याकडच्या लाइटीवर हिला कोन सांभाळंल?" मग मधलं लावलं, दोन पंख्यांचं. लांबच्या टेकडीवरचं गवत सुरुवातीपासून डुलत होतं. अण्णांनी दस्ती वर केली. "बोलू द्या तिला!" अख्खं दुकान गप्प. प्रिंटर दुरुस्तीला आलेले एक बँकेचे साहेबसुद्धा गप्प. अण्णांनी पंख्याला कान लावून डोळे मिटले आणि जरा वेळानं म्हणाले, "निरोगी हाय."

भावाची वेळ आली तेव्हा अण्णांनी सवयीनं हातावर दस्ती टाकून तो पुढं केला. जनावरांच्या बाजारात सौदा असा रुमालाखाली बोटं धरून होतो, बाहेरच्याला आकडा कळत नाही. मी पुन्हा कीबोर्डांकडे वळणार, तेवढ्यात इम्रानभाई हसला. "हमारे दादा बैलां बेचते थे, अण्णा." आणि त्यानं दस्तीखाली हात घातला. दोघं एकमेकांच्या डोळ्यांत बघत उभे राहिले. एकदा अण्णांनी मान हलवली, एकदा इम्रानभाईनं. बँकेचे साहेब आ वासून बघत होते. मग दस्ती निघाली आणि दोघंही खूश दिसले. ग्राफिक्स कार्डाचा असा सौदा जगात दुसरीकडे कुठं झाला असेल असं मला वाटत नाही, आणि त्याला मी साक्षीदार होतो याचा मला आज अभिमान आहे.

परतीच्या बसमध्ये अण्णांनी कार्डाचा डबा मांडीवर घेतला होता. बाकीचं सामान वर, फळीवर. जिंतूर येईपर्यंत ते डबा सावरत बसले होते. मग खिडकीबाहेर बघत म्हणाले, "सर, मी हिंडलो त्या मेंढरांमागं. ज्यानं ज्यानं नेली त्याच्या दारात गेलो. पार पिंगळीपस्तोर. एकच सापडली."

"मग आणली का नाही?"

"तिनं मला वळखलं न्हाई. हाक मारली, तर उलटी पळाली." ते डब्यावरून हात फिरवत राहिले. "समदी जनावरं माझ्याशी बोलत्यात म्हनतो मी. घरातल्या अकरा मेंढ्यांनी मला कवा वळखलंच नव्हतं. त्यांच्यामागं मी एक दिस बी चाललो न्हाई."

 मी त्यांच्या हातावर हात ठेवला, तेवढंच.

दुसऱ्या दिवशी मी कंप्युटर जोडला. बाजेसमोर टेबल, त्यावर मोठा पडदा. सुनंदानं मावशींच्या मांडीवर फळी ठेवली, कीबोर्ड ठेवला. ह्या बटणानं पुढं, ह्या बटणानं कुत्र्याला शीळ. गेम सुरू झाला. डोंगर आले, गवत आलं, लांबवरचंसुद्धा. आणि टेकडीच्या उतारावरून कळप खाली आला. मावशींनी एक बटण दाबलं आणि हात मागे घेतला. मग पुन्हा दाबलं. आणि मावशी मेंढ्यांमागं चालायला लागल्या.

अण्णा पडद्यासमोर हात मागे बांधून, वाकून उभे होते. आपण निवडलेलं गवत नीट वाकतंय का ते बघत होते.

"आवो."

कोण कोणाला म्हणालं ते क्षणभर कळलंच नाही.

"आवो, बाजूला सरका की. मला मेंढरं दिसंनात."

सुनंदानं माझ्याकडे पाहिलं. अण्णा सरकले. इतके सरकले की पाठ भिंतीला टेकली.

"तकडं कुठं जायलाव?" पडद्यावरची नजर न काढता मावशी म्हणाल्या. "हितं बसा."

अण्णा बाजेच्या पायथ्याशी अंग चोरून बसले. मला फार आनंद झाला होता. डोळे पुसायचे होते, म्हणून मी टेबलाखाली वाकून बराच वेळ वायरी तपासल्या.

आम्ही निघालो तेव्हा अण्णा फाटकापर्यंत आले. मला वाटलं आता फुशारकी सुरू होईल, कार्ड कसं निवडलं त्याची. त्यांनी मागे वळून घराकडे पाहिलं आणि आवाज अगदी खाली आणला.

"सर, त्या गेममंदी आजून एक मानूस घालता येतंय का?"

"येतं की. दोघांना मिळून खेळता येतं."

"मंग मला बी घाला." जरा थांबून म्हणाले, "पन फुडं नगा ठिऊ. फुडं ती हाय. मी आपला मागं ऱ्हातो. चुकलेलं मेंढरू कळपात आनून सोडीन. तेवढं जमंल मला."