बिनतुपाची पंगत

ग्वाल्हेरच्या फूलबागेजवळ राहणाऱ्या सीमंतिनी तांबवेकर यांनी यंदा श्रावण लागताच दूध सोडले. दुधाबरोबर दही, ताक, लोणी, तूप, खवा आणि श्रीखंड हेही सुटले, कारण ते सगळे दुधाचेच नातेवाईक. एका कमावत्या, समजूतदार आणि तोवर कसलीही तक्रार नसलेल्या सुनेने असे का करावे, यावर घरात पुष्कळ विचारविनिमय झाला. त्यात सीमंतिनीला बोलावण्यात आले नाही.

कारण तसे साधे होते. सीमंतिनी महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवत असे. विद्यार्थ्यांना घेऊन ती शहराबाहेरच्या एका गोठ्यात गेली होती. तिथे एका म्हशीपुढे तिचे रेडकू उभे होते आणि म्हैस त्याला चाटत होती. रेडकू हलत नव्हते. जवळ जाऊन पाहिले, तर कातडे रेडकाचे होते आणि आत पेंढा होता. गोठेवाला निवांत धार काढत होता. "ऐसा न करें तो दूध नहीं उतारती, मैडम," त्याने माहिती दिली. सीमंतिनीने घरी येऊन चहा केला, दुधाचे पातेले उचलले आणि पुन्हा होते तिथे ठेवले. झाले ते एवढेच.

"अगं, पण आपण तर शाकाहारीच आहोत," सासूबाई राजलक्ष्मीबाई म्हणाल्या. "आता आणखी काय सोडायचं राहिलंय? श्वास?"

सीमंतिनीने म्हशीची हकीगत सांगितली. राजलक्ष्मीबाईंचे डोळे पाणावले. पदराने ते टिपून त्या म्हणाल्या, "बिचारी! बरं, मग उद्यापासून गाईचं घेऊ."

नातेवाइकांनी तिला समजून घ्यायचे ठरवले, तेव्हा परिस्थिती जास्त बिघडली. एका मावशीने ताक पुढे केले, "घे गं, यात दूध कुठे असतं? पाणीच तर आहे." दुसरीने पेढ्यांची परात आणली आणि शपथेवर सांगितले, की यात दुधाचा थेंबसुद्धा नाही, सगळे आटवून टाकले आहे. सीमंतिनीने रेशीमही सोडल्याचे कळले, तेव्हा मात्र घरात प्रथमच तिच्या विचारांना पाठिंबा मिळाला. राजलक्ष्मीबाईंनी तिच्या पैठण्या त्याच दुपारी लेकीच्या कपाटात नेऊन ठेवल्या.

तिचा नवरा ध्रुव व्यवहारी माणूस होता. "यार, तू सीधा सांग ना, एलर्जी है म्हणून," तो म्हणाला. "डॉक्टरने मना केलंय म्हटलं की बात खतम. कोणी एक शब्द बोलणार नाही."

"पण मला ॲलर्जी नाहीये. मला ते पटत नाही."

"तोच तर प्रॉब्लेम आहे. पोटाचं लोक मानतात. मनाचं कोण मानतो?"

यात तथ्य होते. चातुर्मास चालू होता आणि ओळखीत प्रत्येकाने काही ना काही सोडलेले होते. कोणी कांदा, कोणी वांगे, एका काकांनी तर दुधी भोपळा सोडला होता, जो त्यांना मुळात आवडत नव्हता. त्यांना कोणी सीमंतिनीसारखे फॅशनेबल म्हटले नाही. त्यांनी कारण न देता सोडले होते. सीमंतिनीने कारण सांगून सोडले, ही तिची चूक.

तरीही प्रकरण घरातल्या घरात मिटले असते. पण गणपती आले, आणि गणपतीबरोबर मंडळाचा महाप्रसाद आला.

ग्वाल्हेरच्या या मराठी मंडळाची पंगत म्हणजे काय, हे बाहेरच्याला सांगून कळणार नाही. शहराच्या लष्कर भागातली सगळी मराठी घरे वर्षातून त्या एका दिवशी महाराज बाड्यामागच्या सभागृहात जमिनीवर एका ओळीत बसतात. मुले हिंदीत भांडतात, मोठे मराठीत भांडतात, आणि वरणभातावर तूप पडले की सगळे गप्प होतात. हे तूप विश्वासराव वाढत. त्यांचे पूर्वज फौजेबरोबर दख्खनेतून आले होते. विश्वासरावांचे स्वतःचे स्टेशनजवळ पडावाला ट्रक होते आणि मंडळात ते तूपप्रमुख होते. त्यांच्या हातची धार पानावर पडताना लोक हात आडवा धरीत, पण तो केवळ शिष्टाचार म्हणून, आणि बोटे फाकवून.

महाप्रसादाच्या आधी ते आरतीला भेटले, तेव्हा सीमंतिनी म्हणाली, "काका, या वर्षी माझ्या वरणावर तूप नको हं."

"नको म्हणजे? थोडं?"

"नकोच."

विश्वासराव विचारात पडले. "ठीक आहे बेटा. तुझ्या पानाशी आलो की हात जरा पुढे नेईन."

इथेच गोष्ट संपायची. पण हे बोलणे मंडळाच्या अध्यक्षांनी ऐकले. अध्यक्ष गोपाळकृष्णराव तांबवेकर हे सरकारी हिशेब खात्यातून निवृत्त झालेले, आणि सीमंतिनीचे सासरे. जो प्रश्न बैठकीत नेता येतो तो जागच्या जागी सोडवणे म्हणजे बेशिस्त, अशी त्यांची श्रद्धा होती. त्यांनी तातडीची बैठक बोलावली.

"अर्जदार सौ. तांबवेकर यांची मागणी अशी आहे की..." त्यांनी सुरुवात केली.

"बाबा, मागणी नाही काही. मी फक्त तूप नको म्हटलं."

"इथे मी बाबा नाही, अध्यक्ष आहे. आणि 'नको' हीसुद्धा मागणीच असते, फक्त उलट्या दिशेने."

विश्वासराव म्हणाले, "साहेब, याला मीटिंग कशाला? मी हात पुढे नेतो ना."

"आणि ते शेजारच्या पानाने पाहिलं तर? एकाच पंगतीत एकाला तूप आणि एकाला नाही! याला पंक्तिप्रपंच म्हणतात, विश्वासराव. आपल्या मंडळात तो कधी झालेला नाही."

सबब, एका पंगतीत भेदभाव करता येत नसल्यामुळे अर्जदाराची पंगतच वेगळी करावी, असा ठराव झाला. भेदभाव टळल्याबद्दल टाळ्या वाजल्या.

टाळ्या विरायच्या आत मंदाताई उभ्या राहिल्या. मंडळाच्या महिला शाखेचे त्या सर्वस्व होत्या. "तिला वेगळी पंगत, मग मी काय पाप केलंय? मी चातुर्मासात वांगं सोडलंय. शेजारी कोणी भरलं वांगं खात असेल तर माझं काय होतं, ते मलाच माहीत."

वांगे सोडलेल्यांची पंगत मंजूर झाली. मग मधुमेह्यांनी आपली पंगत मागितली. ती मिळताच त्यांच्यात फूट पडली, कारण काही मधुमेही जिलेबी न खाणारे होते आणि बाकीचे एका गोळीवर जिलेबी खाणारे होते. गहू सोडलेले उठले. खुर्चीवर बसणारे उठले, अर्थात कण्हत. सोवळ्यातले म्हणाले, आम्ही वेगळे बसू हे सांगायची गरज नाही, पण सांगून ठेवतो.

"आणि मी कुठं बसू?" विश्वासरावांनी विचारले. "मी तर रविवारी मटण खातो."

मटण खाणारे काही ते एकटे नव्हते. ते एवढ्या स्पष्ट आवाजात सांगणारे मात्र एकटेच होते. शेजारच्या दोघांनी खुर्च्या जरा सरकवून घेतल्या. मग कोणीतरी मुद्दा काढला, की पानात काय आहे एवढेच पाहून कसे चालेल, पोटात आधी काय गेले आहे तेही पाहायला हवे. मुद्दा बिनतोड होता. दारातच चौकशी करून प्रत्येकाला योग्य त्या पंगतीत पाठवण्याचे काम मंदाताईंकडे देण्यात आले.

बैठकीनंतर सीमंतिनी जिन्यात उभी होती. आपण दोन शब्द बोललो आणि त्याचे हे काय होऊन बसले, याने तिला रडू येत होते. विश्वासराव जाता जाता थांबले.

"बेटा, आमच्याकडे जेवायला येत जा. आमच्या घरी मटण शिजतं, पण तूप खा म्हणून तुझ्या मागे कोणी लागणार नाही. आमच्यात जो खातो तो खातो, नाही खात तो नाही खात."

"काका, मी महाप्रसादाला येतच नाही. सगळ्यांचे प्रश्न सुटतील."

"असं नको करू. तू नाही आलीस तर तुझी रिकामी पंगत कोण सांभाळणार? त्याच्यावर पुन्हा मीटिंग होईल."

महाप्रसादाच्या दिवशी दारात मंदाताई बसल्या.

"मागच्या आठवड्यात पडावाकडे, त्या कबाबवाल्यांच्या गल्लीत, गेला होतात?" त्या विचारीत.

"स्टेशनवर गेलो होतो. बहिणीला गाडीत बसवायला."

"गाडी गेल्यावर?"

माणूस खाली पाहू लागे. लष्कर भागातल्या इतक्या सज्जनांच्या बहिणी इतक्या वारंवार रेल्वेने जातात, हे त्या दिवशी प्रथमच उघडकीस आले. अशा मंडळींसाठी 'इतर' नावाची पंगत करावी लागली, आणि ती दाराबाहेर चपलांपर्यंत गेली. ध्रुव तिच्यातच सापडला. "अरे, सिर्फ एक बार खाल्लं होतं," असे तो प्रत्येक वेळी सांगत होता.

पंगतींमध्ये आडोसा म्हणून घरोघरच्या चादरी दोरीवर टांगण्यात आल्या. सभागृह एखाद्या मोठ्या कुटुंबाच्या वाळवणासारखे दिसू लागले. मग वाढप्यांचा प्रश्न आला. ज्या हाताने तूप वाढले तो हात बिनतुपाच्या पंगतीत कसा चालेल? ज्याने वांगे वाढले तो मंदाताईंपुढे कसा जाईल? तेव्हा ज्या पंगतीचा जो आहार, तोच पाळणाऱ्याने तिथे वाढावे, असा नियम अध्यक्षांनी उभ्या उभ्या केला. तोवर चौकशी इतकी बारीक झाली होती, की बहुतेक पंगतींत एकेकच माणूस उरला होता. म्हणजे प्रत्येकाला स्वतःच स्वतःला वाढणे भाग होते. आणि पानावर बसल्यावर उठू नये, हा तर मंडळाच्याही आधीपासूनचा नियम.

श्लोक म्हणून झाले. सगळे बसले, आणि बसूनच राहिले.

सीमंतिनी आपल्या पंगतीत एकटी, रिकाम्या पानापुढे मांडी घालून बसली होती. एका बाजूला निळ्या फुलांची चादर, दुसऱ्या बाजूला हत्ती छापलेली. हत्तींच्या पलीकडून राजलक्ष्मीबाईंचा आवाज आला, "अगं सीमंतिनी, तुझ्याकडे आला का कोणी?"

"नाही, आई."

"इकडेही नाही."

स्वयंपाकघरातून भाताचा वास येत होता. कोणाचे तरी पोट गुरगुरले, आणि ते कोणत्या पंगतीचे यावर कुजबुज झाली. अध्यक्ष आपल्या चादरीआडून म्हणाले, की परिस्थिती गंभीर आहे आणि तातडीची बैठक घ्यावी लागेल, परंतु त्यासाठी सदस्यांना पानावरून उठावे लागेल, जे नियमात बसत नाही.

सीमंतिनीला आधी लाज वाटली, मग राग आला, आणि शेवटी नुसती भूक लागली. ती उठली.

"कोण उठलं?" अध्यक्ष ओरडले.

स्वयंपाकघरात विश्वासराव एका उपड्या पातेल्यावर बसले होते. मटण उघड खात असल्यामुळे त्यांना 'इतर'सह कोणत्याच पंगतीत जागा मिळाली नव्हती, त्यामुळे अख्ख्या मंडळात मोकळे असे ते एकटेच होते.

"काका, वरणात तूप पडलंय?"

"तूप वरून वाढायचं असतं, बेटा. अजून हात नाही लावला. साधं वरण आहे. हळद, हिंग, मीठ, बस."

सीमंतिनीने वरणाची बादली उचलली. विश्वासरावांनी भाताची परात घेतली. हत्तींच्या चादरीतून परात जाईना, तेव्हा त्यांनी दोरीच ओढली. एकामागून एक साऱ्या चादरी खाली आल्या आणि सगळ्यांना सगळे दिसले.

"हे नियमाला धरून नाही," गोपाळकृष्णराव म्हणाले.

"बाबा, यात वांगं नाही, कांदा नाही, गहू नाही, साखर नाही, दूध नाही," सीमंतिनी म्हणाली. तिचा आवाज कापत होता, पण बादली पक्की होती. "यातलं कोणत्या पंगतीला चालत नाही, तेवढं सांगा."

सगळ्यांनी विचार केला. मधुमेह्यांच्या कोपऱ्यातून कोणीतरी म्हणाले, "भात तसा बंद आहे. पण आज चालेल. हवा तेवढा चालेल."

अध्यक्षांनी मंडळाची घटना आठवेल तेवढी आठवून पाहिली. "याबाबत तरतूद नाही," असे म्हणून त्यांनी आपले पान पुढे सरकवले.

मग जे जेवण झाले, तसे मंडळात फार दिवसांत झाले नव्हते. भात पुन्हा लावावा लागला. दाराबाहेरचे 'इतर' आत आले आणि जागा मिळेल तिथे बसले. राजलक्ष्मीबाई प्रत्येक घासाला वरणात मीठ कमी असल्याचे सांगत पुन्हा पुन्हा वाढून घेत होत्या. विश्वासराव भाताची परात खाली ठेवून सीमंतिनीच्या शेजारी बसले, आणि गोपाळकृष्णराव हलकेच तिच्याकडे वळून म्हणाले, "चांगलं झालंय. पण हे माझं मत इतिवृत्तात घेऊ नये."

तुपाची आठवण सगळ्यांना हात धुताना झाली. डबा भरलेला तसाच होता.

दुसऱ्या दिवशी बाड्यावर बातमी पोहोचली, की तांबवेकरांच्या सुनेने अख्ख्या पंगतीचे तूप बंद पाडले. मंडळाने ठराव केला, की पुढच्या वर्षी पंगत एकच राहील आणि तूप सर्वांना सक्तीचे राहील. 'आज एका पानाला नको म्हणू दिलं, तर उद्या सगळेच उपाशी राहतील,' असे मंदाताई म्हणाल्या, आणि ज्यांनी त्या दिवशी पुन्हा पुन्हा भात मागून घेतला होता त्यांनी माना डोलावल्या.

सीमंतिनी अजून फूलबागेजवळच राहते आणि अजून दूध घेत नाही. लोक तिला भेटायला येतात, काळा चहा घेतात आणि सगळी हकीगत सविस्तर ऐकतात. मंडळावर चिडतात, अध्यक्षांना हसतात, चादरींच्या प्रसंगाला तर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसतात. 'कमाल आहे बाई या लोकांची,' म्हणतात. मग कप खाली ठेवून, अगदी आपुलकीने, जरा पुढे वाकून विचारतात, "ते सगळं खरं गं, पण मग प्रोटीनचं काय करतेस?"

तुम्हीही मघापासून तोच प्रश्न तोंडात धरून बसला आहात. विचारा, संकोच करू नका. फक्त रांगेत उभे राहा. तुमच्यापुढे मंदाताई आहेत, आणि त्यांचे अजून आटोपलेले नाही.