गिरिधररावांची पाहणी

पाण्यातलं गिरिधररावांना शिकवणारा माणूस नागपुरात अजून जन्मायचा होता! तीस वर्षं पाटबंधारे खात्यात काढलेली. त्यांच्या सहीचा कागद गेल्याशिवाय कालव्यात थेंब सुटायचा नाही. त्यामुळे बायकोला अंदमानात न्यायचं ठरलं, तेव्हा ट्रॅव्हलवाल्याला त्यांनी फोनवरच सांगून टाकलं, "तुम्ही फक्त तिकिटं काढा. स्नॉर्केलिंगची जागा मी पाहतो."

खरी हौस ताराबाईंची. काचेचा मास्क लावायचा, नळीनं श्वास घ्यायचा आणि समुद्रात तोंड घालून मासे पाहायचे, एवढंच एक मनात होतं. त्यासाठी बासष्टाव्या वर्षी तीन महिने रोज जाऊन पोहायला शिकल्या बाप्पा! त्याच्याही आधी बादलीत तोंड बुडवून प्रॅक्टिस. नातवंडं खो खो हसायची, पण बाई हटल्या नाहीत.

बेटावर तीन दिवस होते. पहिल्या दिवशी सगळे जातात तो किनारा गिरिधररावांनी गर्दीपायी नापास केला. दुसऱ्या दिवशीचा किनारा सावली नाही, चहाची टपरी नाही म्हणून नापास. ताराबाई दोन्ही दिवस मास्क गळ्यात अडकवून नारळपाणी पीत बसल्या.

"अवो, मले मासे पाहाचे आहेत, टपरी नाही!"

"धीर धर वं. जागा निवडणं म्हणजे काय मेथी निवडणं आहे?"

तिसऱ्या दिवशी पहाटे ते एकटेच निघाले. ताराबाईंना उठवलं नाही. आधी पाहणी, मग लाभार्थी, हा खात्याचा नियम! आठ वाजता परतले ते जवळजवळ उड्या मारतच.

"सापडली! झाडांची सावली, चिटपाखरू नाही, अन् पाणी असं की तळ दिसून राहिला! मासेच मासे!"

"मंग चला ना आत्ताच!" ताराबाईंनी चपला घातल्यासुद्धा.

"उपाशीपोटी? जेवून जाऊ, दोन वाजता."

हॉटेलच्या दारात उभ्या असलेल्या एका बोटवाल्यानं हे ऐकलं. "साहब, दोपहर में उधर पानी नहीं रहता. मॅडम को अभी ले जाओ."

"काहून गा, पाणी काय ऑफिसले जाते?" गिरिधरराव हसले. "तीस साल पानी में निकाले हैं, भाऊ!"

मग जेवण झालं. मग वामकुक्षी झाली. दोन वाजता दोघं किनाऱ्यावर पोचली, आणि समुद्र नव्हता!

म्हणजे होता, पण पार तिकडे, आपल्या अंबाझरी तलावाच्या या काठावरून तो काठ दिसावा तितका लांब. मधे नुसते खडक, चिखल आणि एक खेकडा. हे पाणी सोडलं कोणी? कोणाला विचारून? गिरिधररावांच्या तोंडचं पाणी पळालं. ओहोटी हा शब्द त्यांनी शाळेत पाठ केला होता, पण नागपूरच्या माणसाला तो परीक्षेनंतर कशाला लागतो!

ताराबाईंनी मास्क लावला, नळी तोंडात धरली आणि घोट्याएवढ्या पाण्याच्या डबक्यात पालथ्या झाल्या. अंगावर चढवलेलं लाइफ जॅकेट एवढं जाड, की तोंड काही पाण्याला टेकेना! गिरिधररावांना आधी हसू फुटलं, आणि मग परतीचं आठवलं. उद्या पहाटेची बोट, तिथून विमान, की थेट नागपूर. या वयात परत कधी येणं होणार? बोटवाल्याचं ऐकलं असतं तर काय बिघडलं असतं? सकाळी हिला हाक मारली असती तर?

"चुकलं माझं, तारा," ते म्हणाले. लग्नाला अडतीस वर्षं झाली होती, हे वाक्य पहिल्यांदाच आलं.

ताराबाई उठून खडकावर बसल्या, नळी बाजूला केली.

"जाऊ द्या. तुम्ही तं पाह्यले ना सकाळी? सांगा बरं, कसे होते? कोणत्या रंगाचे?"

गिरिधररावांनी डोळे मिटून आठवून पाहिलं. खूप आठवून पाहिलं. मग मान खाली घालून म्हणाले,

"मी काठीनं खोली मोजून राहिलो होतो वं. चार फूट दोन इंच होती."