रोगमुक्त डोंगराची तपासणी

रोग तपासल्याशिवाय सापडत नाही. तेव्हा तपासायला योग्य माणसं निवडली, तर तो मुळीच सापडत नाही. या भक्कम शास्त्रीय पायावर डोंगराखालच्या आरोग्य केंद्राने आदिवासी बायकांसाठी गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचं तपासणी शिबिर भरवलं.

एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळे हा कर्करोग होतो आणि वेळेत कळला तर बाई वाचते, असं मोठ्या फलकावर लिहिलं होतं. (फलक केंद्राच्या आत, बायका डोंगरावर.) शिबिराची वेळ बायका रानात जातात तीच ठेवली, म्हणजे गर्दी टळते. तपासणीच्या खोलीचा पडदा काढून उद्घाटनाच्या पाटीवर घातला होता. उघड्या खोलीत कोण झोपणार? आलेल्या चौघीजणी आल्या पावली परत गेल्या. त्यांच्या सहकार्याबद्दल आभार मानण्यात आले.

उद्दिष्ट मात्र शंभर नमुन्यांचं होतं. केंद्राचे मोठे साहेब कंबर कसून पुढे आले. आधी स्वतः बसले, मग कारकून, चालक, पहारेकरी असे सगळे पुरुष रांगेला लावले.

"साहेब, यांचा नमुना घ्यायचा कुठून?" सिस्टरने विचारलं. (ती डोंगरावरच्याच वस्तीतली, म्हणून प्रत्येक फोटोत पुढे.)

"कानातून घ्या, पण आकडा पुरा करा."

नोकरीचा प्रश्न होता. तिने एकेकाचे कान पुसले. एकाही पुरुषाच्या गर्भाशयमुखात दोष निघाला नाही, आणि डोंगर रोगमुक्त जाहीर झाला.

पुढच्याच आठवड्यात सिस्टरची मावशी आली. पाळी जाऊन वर्षं झाली होती, तरी अंगावरून रक्त जात होतं.

"रोगमुक्त भागात तपासणी होत नाही," साहेब म्हणाले.

 सिस्टरने मावशीला आत नेलं, खिडकीला स्वतःची शाल बांधली, कडी लावली. "लाजू नकोस गं, मी आहे ना," म्हणत नमुना घेतला.

विषाणू निघाला. साहेबांनी निष्कर्ष काढला: रोगमुक्त भागात रोगी असूच शकत नाही, अर्थात बाई बाहेरची. (तिच्या पणज्या केंद्राच्या जागी गवत होतं तेव्हापासूनच्या.) बाहेरची म्हणून तिला केंद्राच्या गाडीने तातडीने शहरातल्या इस्पितळात धाडण्यात आलं. तिथे कर्करोग कळला, पण सुरुवातीचा, बरा होण्याजोगा. सिस्टर ढसाढसा रडली.

आता डोंगरावरच्या बायका खुशाल "आम्ही बाहेरच्या" असं सांगून तपासून घेतात.

साहेबांच्या बायकोची तपासणी अजून झालेली नाही. "आमच्याकडे तसलं काही नसतं," असं ते म्हणतात. तुम्हीही आपल्या घरी अगदी हेच म्हणता; फक्त तुम्हाला अजून कोणी विचारलेलं नाही.