एकशे चाळिसाव्या पानावरची बाई

पातूरजवळच्या खुशालरावांच्या गावात दोन महिने राहून लेखिका चारुताताईंनी तिथल्या बायकांवर पुस्तक लिहिलं. नावं तेवढी बदललेली, बाकी सगळं खरं. अकोल्याच्या लेकीनं, आचलनं, ते घरी धाडलं आणि खुशालराव एकशे चाळिसाव्या पानावर अडकले.

तिथं एक बाई सांगत होती, "तीस वर्सं झाली लग्नाले, पन जेवली का असं घरधन्यानं एकडाव इचारलं नाही. चिखलदरा पाहाची लय हाऊस होती. राहूनच गेली." तिचा नवरा बशीत चहा ओतून प्यायचा आणि दुपारी तोंडावर पेपर घेऊन घोरायचा.

खुशालरावांनी हातातली बशी खाली ठेवली. गावातले सगळेच पुरुष बशीत चहा ओततात, हे काही त्यांच्या ध्यानात आलं नाही.

"जमुने, जेवली का?" त्यांनी आत डोकावून विचारलं.

सकाळचे साडेआठ वाजले होते. जमुनाबाईंनी हातातलं पीठ झटकून त्यांच्या कपाळाला हात लावला. "ताप तं नाही. मंग असं काहून करून राहिले?"

दुपारी जेवल्यावर खुशालरावांनी आपलं ताट स्वतः घासलं. तेव्हा मात्र जमुनाबाईंनी लेकीला फोन लावला, "तुह्या बाबाचं काही खरं नाही वो माय!" संध्याकाळच्या एसटीनं आचल बीपीचं मशीन घेऊन हजर. बीपी अगदी नॉर्मल निघालं. त्यानं तर मायलेकी जास्तच घाबरल्या.

"मले काही झालं नाही," खुशालराव दंडाचा पट्टा सोडत म्हणाले. "उद्या आमी दोघं चिखलदऱ्याले चाललो."

दुसऱ्या दिवशी दोन गाड्या बदलून दोघं वर पोचले. समोर हिरवी दरी, त्यात ढग उतरलेले. खुशालरावांनी पिशवीतून पुस्तक काढून ते पान बायकोपुढं धरलं. "चुकलंच माहं. तू त्या मॅडमले सांगतलं, मले सांगता नाही आलं?"

जमुनाबाईंनी चष्मा लावून पान वाचलं. मग पदर तोंडाला लावून त्या हसतच सुटल्या.

"अवो, हे तं शेजारची सुंदराबाई हाय, नत्थुजीची! माहं माहेर परतवाड्याचं. चिखलदरा मी शाळेत असतानी चारदा पाह्यला."

खुशालराव कसनुसे झाले. "मंग कालच काहून नाही बोलली?"

"जलमात पह्यल्यांदा कोठी न्याले निघाले होते तुमी. मी काहून नाही म्हनू?"

खुशालरावांनी पुस्तक मिटलं. मग हळूच विचारलं, "मंग तू काय सांगतलं त्या मॅडमले?"

"मले कोनं इचारलं? त्या आल्या का मी चुलीपाशी. सुंदराबाई बोले, अन् मी चहा मांडो."

ढग वर सरकले. दरीतलं एक खेडं दिसलं आणि पुन्हा झाकलं. खुशालरावांनी कठड्यावरची धूळ रुमालानं पुसली आणि बायकोला बसायला जागा केली.

"मंग मले सांग."

जमुनाबाई पदर सारखा करून बसल्या.

"पह्यलं म्हंजे," त्या म्हणाल्या, "मले मास्तरीन व्हाचं होतं."

खाली स्टँडवर परतवाड्याची शेवटची गाडी हॉर्न देत होती. खुशालरावांनी तो ऐकला, आणि ते बायकोच्या आणखी जवळ सरकून बसले.